पाणी नेमकं कुठवर येतं? काठ नव्यानं वसवण्याआधीचे नकाशे आणि मॉडेलं

२६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ नावाचं एक जुनं टँकर जहाज डेकवर ५८ कंटेनर घेऊन न्यूआर्कहून ह्यूस्टनकडे निघालं. जगभरातल्या शहरांचे काठ बदलायला तिथून सुरुवात झाली. कंटेनरच्या मोठ्या जहाजांना खोल पाणी लागतं आणि धक्क्यामागे पेट्या रचायला ऐसपैस मैदान लागतं. शहराच्या ऐन पोटात असलेल्या जुन्या गोद्यांकडे यातलं काहीच नव्हतं. माल उतरवण्याचं काम हळूहळू खाली नदीमुखाकडे, नव्या बंदरांकडे सरकलं. लंडनच्या गोद्या, बाल्टिमोरचं आतलं बंदर, हॅम्बर्गची गोदामं, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच घडलं. शहराच्या मध्यभागी, पाण्याला लागून, जमिनीचे मोठमोठे पट्टे ओस पडले.

अशा जागेच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली की लोकांपुढे आधी चित्रं येतात. संध्याकाळचा उजेड, काठावरून सायकलवर जाणारी माणसं, काचेच्या इमारती, शांत निळं पाणी. ही चित्रं काढणं आता सोपं झालंय. त्यांच्या आधी जे काम व्हायला हवं ते मात्र कष्टाचं आहे, आणि ते नीट झालंय की नाही हे चित्राकडे पाहून कधीच कळत नाही. हा लेख त्या आधीच्या कामाबद्दल आहे.

त्याचा गाभा माझ्या मते एकाच प्रश्नात आहे: पाणी नेमकं कुठवर येतं? नकाशावर जमीन आणि पाणी यांच्यामध्ये एक बारीक रेघ असते. प्रत्यक्षात ती रेघ दिवसभर हलत असते. भरतीला आत, ओहोटीला बाहेर, उधाणाला आणखी आत, आणि वादळात तर कुठच्या कुठे. ही रेघ केव्हा, किती आणि कुणाच्या दारापर्यंत सरकेल याचा माग काढणं हेच या सगळ्या साधनांचं काम.

थरांची चवड

सुरुवात होते जीआयएसपासून, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीपासून. १९६० च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडाच्या जमीन-नोंदींसाठी अशी पहिली मोठी प्रणाली उभी केली. कल्पना साधी आहे. एकाच जागेची वेगवेगळी माहिती वेगवेगळ्या पारदर्शक कागदांवर काढायची आणि ते कागद एकमेकांवर बरोब्बर बसवायचे. एकावर जमिनीच्या हद्दी, दुसऱ्यावर पर्जन्यवाहिन्या, तिसऱ्यावर मातीचा प्रकार, चौथ्यावर झाडं. संगणकात हेच थर होतात. मग त्यांना एकत्र प्रश्न विचारता येतो: ‘अडीच मीटरपेक्षा कमी उंचीवर असलेल्या, जुन्या कारखान्याच्या आवारात मोडणाऱ्या आणि पर्जन्यवाहिनीच्या तोंडापासून शंभर मीटरच्या आत येणाऱ्या जागा दाखव.’ कागदी नकाशांवर यासाठी आठवडे गेले असते.

काठाच्या कामात एक थर मला सर्वांत मोलाचा वाटतो: जुना किनारा. कारण बंदराच्या शहरांत काठाजवळची बरीच जमीन मुळात जमीनच नसते. तो भराव असतो. न्यूयॉर्कमध्ये एग्बर्ट व्हीले यांनी १८६५ साली मॅनहॅटनचा एक नकाशा प्रसिद्ध केला. शहरानं गाडून टाकलेले ओढे, दलदली आणि मूळचा किनारा त्यात दाखवलेला आहे, आणि पाया खणण्यापूर्वी अभियंते तो आजही उघडून पाहतात. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळाचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा खालच्या मॅनहॅटनमध्ये ते बऱ्याच ठिकाणी या जुन्या किनाऱ्यापर्यंतच जाऊन थांबलं.

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायची रीत मोठी गमतीची आहे. दोन्हीकडे हमखास सापडतील अशा खुणा शोधायच्या: एखाद्या जुन्या चर्चचा कोपरा, न बदललेला चौक, दगडी पुलाचं टोक. अशा दहा-पंधरा खुणांच्या जोड्या दिल्या की संगणक जुना कागद ताणून, वळवून, आजच्या जागेवर आणतो. शिवाय प्रत्येक खुणेपाशी किती मीटरची चूक उरली तेही सांगतो. ही उरलेली चूक लिहून ठेवायची असते. ‘जुना किनारा इथून जात होता’ आणि ‘जुना किनारा इथून आठ मीटर अलीकडे-पलीकडे जात होता’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि पायाचा खर्च दुसऱ्यावर ठरतो.

उंची कशापासून मोजली?

लाउफेनबुर्ग नावाचं गाव ऱ्हाइन नदीच्या दोन्ही काठांवर आहे, एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला स्वित्झर्लंड. २००३ साली तिथे नवा पूल बांधला जात होता. जर्मनी उंची मोजते ती उत्तर समुद्राच्या पातळीपासून, स्वित्झर्लंड भूमध्य समुद्राच्या पातळीपासून. या दोन शून्यांमध्ये २७ सेंटिमीटरचा फरक आहे. अभियंत्यांना हे ठाऊक होतं, त्यांनी तो हिशेबात धरलाही होता. फक्त अधिकच्या जागी वजा झालं. परिणामी दोन काठांच्या बांधकामांत ५४ सेंटिमीटरचा फरक पडला आणि तो नंतर निस्तरावा लागला.

काठाच्या प्रत्येक प्रकल्पात हा धोका दबा धरून बसलेला असतो, कारण तिथे दोन शून्यं हमखास भेटतात. जमिनीची मोजणी करणारे सरासरी समुद्रपातळीजवळच्या शून्यापासून उंची मोजतात. खलाशांचे नकाशे मात्र ओहोटीच्या सर्वांत खालच्या पातळीला शून्य मानतात, कारण जहाजाला ‘कमीत कमी किती पाणी मिळेल’ हे हवं असतं. जिथे भरती-ओहोटीत मोठा फरक असतो, तिथे या दोन शून्यांत काही मीटरचं अंतर असू शकतं. जमिनीचा थर आणि तळाचा थर ते अंतर न मिटवता जोडले, तर संगणकात धक्क्यापाशी एक कडा उभा राहतो. प्रत्यक्षात तो कुठेच नसतो. मॉडेल, म्हणजे पाण्याच्या वाहण्याची संगणकातली नक्कल, बिचारं त्या कड्यावरून पाणी पाडत राहतं.

जमिनीची उंची आता बहुतेक लायडारनं मोजतात. विमानातून दर सेकंदाला लाखो लेसर स्पंद खाली सोडायचे आणि ते परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. झाडावर पडलेल्या एका स्पंदाचा थोडा भाग शेंड्यावरून परत येतो, थोडा फांदीवरून, आणि पानांच्या फटीतून खाली गेलेला शेवटचा भाग जमिनीवरून. हे शेवटचे प्रतिसाद वेचून झाडाखालची जमीन सापडते. यातला नेहमीचा लेसर अवरक्त असतो आणि पाणी तो शोषून घेतं. म्हणून उथळ तळ मोजायला हिरव्या प्रकाशाचा लेसर लागतो, कारण तो पाण्यात काही मीटर उतरू शकतो. गढूळ पाण्यात तोही हरतो. मग बोट आणि सोनार, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र.

चुकीच्या उंचीनं केवढं बिघडू शकतं? फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळ शटलनं ११ दिवसांत पृथ्वीच्या बहुतांश जमिनीची उंची रडारनं मोजली. ती माहिती फुकट मिळते म्हणून जगभर वापरली गेली. पण हे रडार दाट झाडीचे शेंडे आणि इमारतींची छपरंही ‘जमीन’ म्हणून मोजत होतं. २०१९ साली क्लायमेट सेंट्रल या हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या संशोधकांनी ही चूक दुरुस्त करून पुन्हा हिशेब मांडला. आजच्या भरतीच्या पातळीखाली राहणाऱ्या लोकांचा आकडा २.८ कोटींवरून ११ कोटींवर गेला. समुद्र तोच, माणसं तीच. बदलली ती फक्त जमिनीची उंची. मोजणीच्या कामाला दुय्यम समजणाऱ्या प्रत्येकाला मी हे उदाहरण देतो.

चांगल्या लायडारमध्येही दहा-एक सेंटिमीटरची चूक असतेच. ऐकायला किरकोळ वाटते. पण काठालगतची जमीन सपाट असते. दोनशे मीटरला एक मीटर चढ असेल, तर उंचीतली दहा सेंटिमीटरची चूक पूररेषेला आडव्या अंतरात वीस मीटर हलवते. वीस मीटरमध्ये एक अख्खी इमारत बसते. म्हणून पूररेषा बारीक पेनानं काढलेली दिसली की मला शंका येते. तो पट्टा असायला हवा.

आणखी एक चूक फार सहज होते. विमानातून पाहिलं की ओढ्यावरचा पूल हा जमिनीचा उंच तुकडा दिसतो. त्याखालची मोरी वरून दिसत नाही. उंचीच्या थरात हा पूल ओढ्याला आडवा बांध होऊन बसतो, आणि मॉडेलमध्ये पाणी त्याच्यामागे तुंबतं. पुलाच्या वरची वस्ती उगाच बुडालेली दिसते, खालची उगाच कोरडी. यावर उपाय एकच: प्रत्येक मोरी, प्रत्येक पूल, प्रत्येक भुयारी वाट प्रत्यक्ष जाऊन पाहायची, टेप लावून मोजायची आणि थरात हातानं खोदायची.

पाणी चालवून पाहणं

उंचीचा थर तयार झाला की पाणी भरून पाहायचं. सर्वांत सोपी रीत बादलीसारखी: पातळी तीन मीटर धरा आणि तीन मीटरखालची सगळी जमीन निळी रंगवा. पहिल्या अंदाजाला हे चालतं. पण काठ म्हणजे बादली नव्हे. खोलगट जागेपुढे उंच रस्ता असेल तर पाणी तिथवर पोचणारही नाही. उलट रस्त्याखालून पर्जन्यवाहिनी जात असेल, तर भरतीचं पाणी त्याच नळातून उलटं येऊन रस्त्यामागच्या चौकात उसळेल. त्या नळाच्या तोंडाशी परतझडप, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, आहे का, आणि ती गाळानं उघडीच अडकून तर पडलेली नाही ना, यावर वस्तीचं नशीब ठरतं.

म्हणून पाण्याला वेळेनुसार चालवून पाहावं लागतं. यामागचं गणित फ्रेंच अभियंता सँ-व्हनाँ यांनी १८७१ साली मांडलं. जमिनीचे चौकोन पाडायचे. आता एकाच चौकोनाकडे बघा, पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद. त्याच्या चार शेजाऱ्यांपैकी एकात पाणी त्याच्याहून वर आहे, दुसऱ्यात खाली. वरच्याकडून किती येईल, खालच्याकडे किती जाईल, जमीन किती घासेल, याचा हिशेब करून त्याची नवी पातळी काढायची. मग तेच पुढच्या क्षणासाठी. क्षण किती लहान घ्यायचा? दोन मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला सुमारे ४.४ मीटर जाते, म्हणजे पाच मीटरचा चौकोन ती सव्वा सेकंदाच्या आत ओलांडते. तेव्हा साध्या रीतीत साधारण सेकंदाची पावलं टाकावी लागतात. एक चौरस किलोमीटरमध्ये असे ४०,००० चौकोन आणि दिवसाचे ८६,४०० सेकंद. एका दिवसासाठी ३४५ कोटींहून जास्त हिशेब झाले. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि पावलं दुप्पट, म्हणजे काम आठपट. म्हणूनच मोकळ्या पाण्यात मोठे चौकोन घेतात आणि गल्ल्यांत बारीक.

जमीन पाण्याला किती घासते हे सांगणारा आकडा आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांच्या नावानं ओळखला जातो. गुळगुळीत काँक्रीटला तो ०.०१३ च्या आसपास असतो, झुडपांनी भरलेल्या पूरमैदानाला ०.०५ किंवा त्याहून जास्त. उतार आणि खोली तीच असेल तर काँक्रीटवरून पाणी जवळपास चौपट वेगानं धावतं. काठ ‘सुशोभित’ करताना झुडपं काढून फरशी घातली, की मॉडेलमध्ये फक्त हा एक आकडा बदलतो. त्याचा परिणाम मात्र दूरवर दिसतो.

हे सगळं संगणक येण्याआधीही करत असत. सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसालिटो इथे अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी १९५७ साली अख्ख्या उपसागराची काँक्रीटची प्रतिकृती पूर्ण केली. आडव्या अंतरात हजारास एक, उंचीत शंभरास एक. तळाचं घर्षण आणण्यासाठी तिच्यात तांब्याच्या हजारो पट्ट्या रोवल्या होत्या, आणि खरी भरती-ओहोटी जुळेपर्यंत त्या वाकवून-फिरवून बसवल्या. त्या काळी जॉन रीबर यांची एक योजना जोरात होती: उपसागराला आडवे बांध घालून गोड्या पाण्याचे तलाव करायचे आणि नवी जमीन मिळवायची. प्रतिकृतीत पाणी सोडून पाहिल्यावर ती चालणार नाही हे दिसलं, आणि ती बारगळली. एक उपसागर वाचला. मला या कामाबद्दल एवढी आस्था वाटते ती अशा गोष्टींमुळे.

आज त्या तांब्याच्या पट्ट्यांची जागा मॅनिंगच्या आकड्यानं घेतली, पण जुळवून पाहण्याचं काम तसंच उरलं आहे. मागे येऊन गेलेला एखादा पूर घ्यायचा, त्या दिवशीचा पाऊस आणि भरती मॉडेलला द्यायची, आणि पाणी भिंतींवरच्या जुन्या डागांपर्यंत पोचतं का ते बघायचं. मग दुसरा पूर घ्यायचा, आणि या वेळी आकड्यांना हात न लावता बघायचं. ज्या मॉडेलची अशी परीक्षा झालेली नाही, त्याच्या रंगीत चित्रावर माझा विश्वास नाही.

परीक्षेत उतरल्यावर भविष्याकडे वळायचं. इथे ‘शंभर वर्षांचा पूर’ हा शब्द फार घोळ घालतो. शंभर वर्षांतून एकदा येणारा, असा त्याचा अर्थ लोक घेतात आणि निर्धास्त होतात. त्याचा अर्थ एवढाच की कुठल्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का आहे. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के होते, जवळपास चारातून एक. हाही आजच्या समुद्राचा हिशेब झाला. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या, २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी २० सेंटिमीटरनं वाढली, आणि उत्सर्जन खूप जास्त राहिलं तर २१०० पर्यंत ती ६३ सेंटिमीटर ते १.०१ मीटर वाढण्याचा अंदाज आहे. त्यात भरावाची जमीन स्वतः खचत असेल तर तेही मिळवायचं. हे खचणं आता उपग्रहाच्या रडारनं वर्षाला काही मिलिमीटरपर्यंत पकडता येतं. युरोपच्या २०१४ पासूनच्या सेंटिनेल-१ उपग्रहांची ही माहिती कुणालाही फुकट मिळते.

जमिनीखालीही बघावं लागतं. गोद्या आणि कारखाने उठून गेले तरी तेल, शिसं, डांबर मातीत राहतं. ठरावीक अंतरांवर बोअर घेऊन नमुने तपासतात, आणि मधल्या जागेचा अंदाज क्रिगिंग नावाच्या रीतीनं करतात. दक्षिण आफ्रिकेतले खाण अभियंता डॅनी क्रिग सोन्याचा अंदाज करायला जे गणित वापरत, त्याचंच हे पुढचं रूप. त्याचा मोठा गुण असा की अंदाजाबरोबर तो किती भरवशाचा तेही ते सांगतं. पुढचा बोअर कुठे घ्यायचा ते त्यावरून ठरतं.

इमारती उभ्या राहण्याआधी

पाण्याचं समजलं की वरच्या गोष्टी तुलनेनं सोप्या असतात. हेलसिंकीचं मालवाहू बंदर २००८ साली वुओसारीला गेलं आणि कालासातामा हा जुना बंदराचा भाग वस्तीसाठी मोकळा झाला. शहरानं त्या भागाचं त्रिमितीय मॉडेल करून त्यात ऊन आणि वारा तपासला, आणि ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. सावलीचं गणित सरळ आहे: सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना ४० मीटरच्या इमारतीची सावली सुमारे ६९ मीटर पडते. उंच इमारत पाण्याच्या कडेलाच ठेवली तर काठावर ज्या वेळी लोक येऊन बसतात नेमक्या त्याच वेळी तिथे सावली आणि गार वारा असू शकतो. हे आधी दिसलं तर इमारत चार पावलं मागे घेता येते.

हॅम्बर्गच्या हाफेनसिटीत, म्हणजे जुन्या बंदराच्या जागेवर वसवलेल्या नव्या भागात, हे सगळं एकत्र पाहायला मिळतं. फेब्रुवारी १९६२ च्या वादळी भरतीत पाणी समुद्रसपाटीपासून ५.७० मीटरवर गेलं आणि शहरात ३१५ माणसं दगावली. १९७६ साली ते ६.४५ मीटरपर्यंत चढलं. हाफेनसिटीची १५७ हेक्टर जागा तर शहराच्या मुख्य बांधाच्या बाहेर, पाण्याच्या बाजूला आहे. तिच्याभोवती उंच बांध घातला असता तर काठावरून पाणीच दिसलं नसतं. २००० सालच्या आराखड्यात वेगळा मार्ग घेतला. इमारती समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटरवर येणाऱ्या ओट्यांवर उभ्या केल्या, रस्ते आणि पूल इतके वर नेले की पुरातही अग्निशमनाची गाडी पोचावी, आणि पाण्याकडच्या वाटा मुद्दाम चार ते साडेपाच मीटरवर ठेवल्या. मोठ्या भरतीला त्या बुडतात, पाणी ओसरलं की धुऊन पुन्हा खुल्या होतात. यातला प्रत्येक आकडा उंचीच्या त्या थरातून आणि पाण्याच्या हिशेबातून आलेला आहे.

एक प्रश्न मात्र नकाशाच्या कडेशी राहून जातो. मॉडेल कुठे संपतं? बहुतेक वेळा प्रकल्पाच्या हद्दीपाशी, किंवा तिच्यापलीकडे थोड्याच अंतरावर. पण आपण आपली जमीन दोन मीटरनं उचलली की तिथे पूर्वी पसरणारं पाणी नाहीसं होत नाही. ते दुसरीकडे जातं. म्हणून मॉडेल दोनदा चालवायचं, एकदा आजच्या जमिनीवर, एकदा नव्या आराखड्यावर, आणि दुसऱ्या उत्तरातून पहिलं वजा करायचं. उरतो तो फरकाचा नकाशा. बराचसा पांढरा असतो. हद्दीच्या आत हिरवा, कारण तिथे पाणी कमी झालं. आणि समोरच्या काठावर, जिथे कुणी प्रकल्पाचं नावही ऐकलेलं नाही, तिथे कधीकधी फिकट लाल चौकोनांची एक रांग दिसते: चार सेंटिमीटर, सहा सेंटिमीटर, एका ठिकाणी अकरा. ज्या घराचा उंबरठा दहा सेंटिमीटरवर आहे, त्याच्यासाठी या अकराचा अर्थ घरात पाणी असा होतो.

हेक-रास, क्यूजीआयएस, डेल्फ्ट३डीसारखी थर रचायची आणि पाणी चालवून पाहायची साधनं आज विनामूल्य मिळतात. समोरच्या काठावरची माणसं एखाद्या जाणत्याला हाताशी धरून हाच हिशेब स्वतः करून पाहू शकतात. त्यासाठी उंचीचा थर, मोऱ्यांची मापं आणि मॉडेलला दिलेले आकडे खुले करावे लागतील. सुनावणीला जाल तेव्हा चित्रांच्या आधी फरकाचा हा नकाशा मागा, आणि तो कुठल्या हद्दीपर्यंत काढलाय तेही विचारा. लाल रांग सापडली तर ओट्यामधून पाण्याला एक वाट मोकळी ठेवता येते किंवा धक्क्याचा थोडा भाग खाली उतरवता येतो. मग पुन्हा मॉडेल चालवायचं, आणि ती रांग पुसली जाईपर्यंत आराखड्यावर सही करायची नाही.